हिल्डाने विचारलं नाही

जुनी पट्टी जखमेला चिकटली होती. हिल्डाने सायलसच्या टाचेखाली केळीचं पान सरकवलं, पट्टीवर कोमट पाणी सोडलं आणि ती आपोआप सुटायची वाट पाहत बसली. ओढली तर खालचं मांस निघून येतं, हे तिला सुरुवातीलाच कळलं होतं. सायलस झापांच्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाहेर पाऊस चालू होता. ग्वादलकनाल बेटाच्या या दक्षिण किनाऱ्यावर तो असतोच. नसला तरच लोक त्याच्याबद्दल बोलतात.

पायाला वास येत होता. दोन बोटं काळी पडली होती. साखरेचा आजार. पलीकडच्या खाडीवरच्या दवाखान्यातल्या नर्सने त्याला बोटीने राजधानीला, होनियाऱ्याला जा म्हणून सांगितलं होतं. तिथे पाय कापतील म्हणून हा गेला नाही. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी होनियाऱ्यात सासरी, पदरी तान्हं मूल. मग करायला राहिलं कोण? हिल्डा, त्याची मावशी.

पट्टी सुटली. हिल्डाने जखम धुतली, स्वच्छ फडकं बांधलं आणि नारळाच्या दुधात शिजवलेली रताळी त्याच्या उशाशी सरकवली.

"खाऊन घे. गार झाली की तुला गिळवत नाहीत."

"हं," तो म्हणाला.

दोघांचं बोलणं एवढंच असे. ती पाण्याचं भांडं घेऊन शिडी उतरली, तर घराखाली खांबाला टेकून मेबल सुपारी चघळत बसली होती. मेबल तिच्याच वयाची, लहानपणापासूनची शेजारीण. जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही ठेवणारी बाईही नव्हती. तिने लाल पिंक टाकली आणि म्हणाली, "देवाच्या घरी तुला पुढची जागा ठेवली असेल गं हिल्डा. पण त्याच्याआधी इथलं एक काम राहिलंय ना तुझं? हा आज आहे, उद्या नाही. गेला की त्याच्याबरोबर ते पण गेलं. विचार बाई एकदा. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही."

"तुझी चटई भिजतेय तिकडे," हिल्डा म्हणाली आणि पावसात चालू लागली.

काय विचारायचं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. हिल्डाचा मुलगा क्लेमेंट कुठे पुरला आहे, ते सायलसला माहीत होतं. आणि सायलसला माहीत आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

या बेटावर त्या वर्षांना अजून 'टेन्शन' म्हणतात, जणू कुणाचं डोकं दुखत होतं. आधी ग्वादलकनालची माणसं आणि बाहेरून येऊन वसलेली माणसं यांची मारामारी झाली. पुढे तह झाला, आणि तो कुणी मानायचा नि कुणी नाही, यावरून या किनाऱ्यावर आपलीच माणसं आपल्याच माणसांवर उठली. डोंगरात नदीच्या वरच्या अंगाला बंदूकवाल्यांचा तळ पडला. गावोगावची तरुण पोरं त्यांनी उचलून नेली. काही आपल्या पायांनीही गेली. सायलस गेला तो घाबरून, की बंदुकीच्या हौसेने, हे कुणी कधी नीट विचारलं नाही. तो हिल्डाच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेल्यामुळे निम्मा हिल्डाच्याच चुलीवर वाढलेला. क्लेमेंट आणि तो एकाच चटईवर झोपत.

क्लेमेंट तळावर गेला नाही. बापाला ताप भरला म्हणून तो डोंगर ओलांडून औषध आणायला गेला. परत येताना त्याला वरच्या गावातल्या बायकांनी पाहिलं होतं. त्याच्या पुढे कुणी पाहिलं नाही. शांतता आल्यावर परदेशी पोलीस आले, बंदुका गोळा केल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून दोन जागी खणून पाहिलं, काही सापडलं नाही. सायलस परत आला. पोलिसांनी त्याला विचारलं, मामा लोकांनी विचारलं. तो एवढंच म्हणाला, की मला माहीत नाही. म्हणताना तो जमिनीकडे बघत होता.

मग समेटाचा दिवस झाला. डुकरं कापली, शेलमनीच्या, म्हणजे पैशासारख्या चालणाऱ्या शिंपल्यांच्या माळा आणल्या, वडीलधाऱ्यांनी भाषणं केली. सायलसने हिल्डाचा हात हातात घेतला. त्याचा हात ओला होता. हिल्डाने माळा घेतल्या नाहीत. तिचा नवरा म्हणाला, घे, लोकांना वाईट वाटेल. ती म्हणाली, माळा काय त्याच्याऐवजी पुरू? त्यानंतर वर्ष सरायच्या आत नवराही गेला. गावच्या ख्रिस्ती देवळाची घंटा तो वाजवत असे. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेली गॅसची रिकामी टाकी. ते काम हिल्डाकडे आलं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला लोखंडाच्या तुकड्याने टाकी बडवायची, देऊळ झाडून झाप पसरायचे, वेदीवर फुलं ठेवायची. तिचं सगळं आयुष्य पाहायला गेलं तर एवढंच: घंटा, रताळ्यांचा मळा, आणि नेस्ता, तिची मुलगी.

आणि वाट पाहणं. सुरुवातीला ते कसं होतं, हे ती पुढे कधी कुणाला सांगत नसे. सायलस देवळात ज्या बाकावर बसे, त्याच्या बरोबर मागे ती बसू लागली. उपासना चालू असताना ती त्याच्या मानेकडे बघत राही. मानेवर उजव्या बाजूला तीळ होता. आज ना उद्या ही मान वळेल, असं ती मनात म्हणे. कधीकधी तो आजारी पडावा, त्याला भीती वाटावी, म्हणून तिने देवाला विनवलं. प्रार्थना म्हणूनच विनवलं, हात जोडून.

एकदा पहाटे, अजून नीट फटफटलं नव्हतं, तेव्हा सायलस तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. ती चूल पेटवत होती. तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला, दाराच्या चौकटीला हात लावून. आणि तिच्याने राहवलं नाही. ती धावली, तिने त्याचा सदरा धरला आणि ओरडली, "सांग! कुठे आहे माझं पोर? सांग, नाहीतर मी तुला सोडणार नाही." सदरा फाटला. आजूबाजूची माणसं जागी झाली. सायलस पळाला. त्या रविवारी तो देवळात आला नाही. पुढेही आला नाही. कुठे वाटेत ती दिसली तर तो रस्ता सोडून झाडीत शिरे.

त्या वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळात फादर अँब्रोज आले. त्यांच्याकडे किनाऱ्यावरची पुष्कळ गावं होती, त्यामुळे समुद्र बरा असेल तेव्हाच बोटीने येत. जाड, थकलेला, इथल्या बऱ्याच फादरांसारखा बायकामुलांचा, चांगला माणूस. त्यांनी वाट पाहण्यावर उपदेश केला. उपासना संपल्यावर हिल्डा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फादर, तुमचा मुलगा बोर्डिंगात आहे. नाताळला घरी येईल. तुमचं वाट पाहणं वेगळं आहे."

दुसऱ्या दिवशी बोट ढकलायच्या वेळी फादर वाळूतून मागे आले, तिला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हिल्डा, तू म्हणालीस ते खरं. मी रात्रभर शोधलं, माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. पण एक बोलतो. उपदेशक सेल्विनने मला सांगितलं, तू देवळात कुठे बसत होतीस ते. खडकावर भाला घेऊन उभा राहिलेला माणूस पण वाट बघतच असतो. पण मासा त्याची सावली बघून पळतो. वाट पाहणं वेगळं, टपून बसणं वेगळं. मला फरक कळतो, इतकंच. मला स्वतःला जमलं असतं की नाही, ते देवाला ठाऊक."

हिल्डाला राग आला. तो पुष्कळ दिवस टिकला. भाला काय, मासा काय. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण घंटा तर वाजवायलाच लागे, आणि घंटा वाजवणाऱ्या बाईला प्रार्थनेला थांबावंच लागे. कधी पावसात कुणीच येत नसे. सेल्विन आणि ती, दोघंच. सेल्विन वाचे, ती 'आमेन' म्हणे. मन कुठेही असलं तरी तोंड शब्द म्हणत राही. आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, सगळ्यांसाठी नावं घ्यायची वेळ येई, तेव्हा एका संध्याकाळी तिने सायलसचं नाव घेतलं. घेतलं आणि तिला थुंकावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. ओझं उचलून डोंगर चढताना माणूस जसं फक्त पुढचं पाऊल टाकतो, तसं होतं ते. हळूहळू ते नाव जिभेवर इतकं घासलं गेलं की टोचेनासं झालं. आपलं मन मोठं झालं असं तिला कधीच वाटलं नाही. दमल्यासारखं मात्र झालं.

मग एके दिवशी ती त्याच्या मळ्यात गेली. सायलस अळूचे कंद लावत होता. तिला बघून तो उठला, पळायला जागा शोधू लागला. ती बांधावरच थांबली.

"पळू नकोस," ती म्हणाली. "मी तुला पुन्हा विचारणार नाही. जिवंत आहे तोवर विचारणार नाही. सांगायचं झालं तर सांग. नाही सांगितलंस तरी देवळात येत जा."

आणि ती परतली. त्या रविवारी सायलस आला. अगदी मागे, दाराजवळ बसला. हिल्डा पुढे जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून.

तिने शब्द पाळला. सोपं नव्हतं ते. नेस्ताला ते कधी पटलं नाही. मामा लोक म्हणत, म्हातारीचं डोकं फिरलंय. नंतर एका पावसाळ्यात मोठा पूर आला, नदीने मळे गिळले, खालच्या वस्तीतली घरं नेली, आणि लोकांना उपासमारीतून सावरायलाच दीड-दोन वर्षं लागली. सायलसची मुलगी जन्मली तेव्हा हिल्डाच बाळंतिणीजवळ होती. त्याची बायको वारली तेव्हाही होती. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता सांगेल. प्रत्येक वेळी तो तिच्याकडे बघे, तोंड उघडे, आणि म्हणे, "मावशी, पाणी हवं का?" ती पाणी घेई आणि पिई.

आता तो मरायला टेकला होता.

मेबलशी बोलणं झालं त्या संध्याकाळी नेस्ताने पुन्हा विषय काढला. ती माशाचा डबा उघडत होती, उघडता उघडता म्हणाली, "आई, तो तुझा शब्द तू देवाला दिला होतास की सायलसला?"

"सायलसला."

"मग मोड. देव काही म्हणणार नाही."

"देव नाही म्हणणार," हिल्डा म्हणाली. "पण तो पुन्हा पळेल. आता पाय चालत नाही म्हणून अंथरुणातच पळेल."

नेस्ता रडली नाही. तिने मासा वाढला आणि म्हणाली की क्लेमेंट तिचाही भाऊ होता, हे आईने एकदा लक्षात घ्यावं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी पाऊस उघडला. हिल्डा पाय धूत होती. सायलसने भिंतीकडचं तोंड वळवलं.

"मावशी, तू विचारत का नाहीस?"

"नाही विचारणार म्हणाले होते ना."

"मी मरतोय."

"दिसतंय मला."

त्याने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "विचार की. तू विचारलंस तर मला सांगता येईल."

हिल्डाचे हात पाण्यात होते. एक शब्द, आणि संपलं असतं. पण तिला वाटलं, आपण विचारलं की ते आपलं ओढून काढणं होईल, आणि या पोराजवळ स्वतःचं असं देण्यासारखं आता एवढंच उरलं आहे.

"नाही रे," ती म्हणाली. "तुला सांगायचं असलं तर सांग. मी कुठे जात नाही."

मग त्याने सांगितलं. थांबत थांबत, मधेच खोकत. नदीला जिथे दुसरा ओढा मिळतो तिथे तळ होता. क्लेमेंट औषध घेऊन परतत असताना त्याला वाटेत धरून आणलं. तळाच्या म्होरक्याला संशय होता की हा पलीकडे खबर पोचवतो. त्याने सगळ्यांसमोर सायलसला उभं केलं.

"मला म्हणाला, हा तुझा भाऊ. तुला माहीत असेल. हा खबर देतो का? मावशी, मला फक्त नाही म्हणायचं होतं. एवढंसं. मी खाली बघत राहिलो. वाटलं, मी नाही म्हणालो तर मलाही… मी काहीच बोललो नाही. त्यांनी त्याचा अर्थ लावला."

हिल्डाला विचारायचं होतं, की तो काही म्हणाला का. तिने ओठ दातांखाली धरले. सायलस आपणच बोलला.

"त्याच्या पायात नवी चप्पल होती. होनियाऱ्यात घेतली असेल. त्याने ती काढली, माझ्याकडे सरकवली. म्हणाला, तू घाल, तुझी तुटलीय. रागाने नाही म्हणाला. मी नाही घातली. खड्डा मलाच खणायला लावला. काठावर मोठं झाड होतं, त्याच्या मुळाशी. चप्पल त्याच्याजवळच ठेवली. रोजची संध्याकाळची प्रार्थना म्हणायला गेलो, तर अर्धीच आठवली."

बाहेर कोंबडी कुणालातरी शिव्या दिल्यासारखी कलकलत होती.

"त्या पहाटे मी तेच सांगायला आलो होतो," सायलस म्हणाला. "तुझ्या दारात. रात्रभर शब्द जुळवले होते. तू धावून आलीस, आणि सगळं विसरलो. नंतर म्हटलं, सांगू, सांगू. मग पूर आला. मी वर जाऊन बघितलं. झाड नाही, काठ नाही, काही नाही. नदीच दुसरीकडून वाहतेय. मग सांगून तुला काय देणार होतो मी? म्हणून गप्प बसलो. गप्प बसायची मला सवयच."

हिल्डाने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि निघून गेली. त्या संध्याकाळी टाकी वाजली नाही. मग सेल्विनने वाजवली, वेड्यावाकड्या ठोक्यांनी, आणि लोकांना वाटलं सायलस गेला.

समुद्राकडचा वारा पडल्यावर हिल्डा, नेस्ता आणि सेल्विन नदीने वर गेले. हिल्डाचे गुडघे दुखत होते. पाण्यातून जाताना सेल्विनने तिचा हात धरला. ओढा मिळतो ती जागा सापडली. तिथे दगड होते. रुंद, पांढरे, घासून गुळगुळीत झालेले दगड, इथून तिथपर्यंत, आणि मधून पाणी. काठ कुठे होता, तेही सांगता येत नव्हतं. पुरात वाहून आलेलं एक झाड आडवं पडलं होतं, पण ते कुठलंही असू शकलं असतं. नेस्ताने थोडा वेळ दगड उलटून पाहिले. मग ती थांबली.

"पहिल्याच वर्षी मामांनी त्याला बांधून बडवला असता, तर निदान हाडं मिळाली असती," ती म्हणाली. "तू वाट बघत बसलीस. देवाने तुला दगड दिले."

सेल्विन पाण्याकडे बघू लागला. हिल्डा एका दगडावर बसली होती.

"तो सांगायला आला होता," ती म्हणाली. "त्या पहाटे मी दम धरला असता तर पुराच्या आधी कळलं असतं. घटकाभर थांबायचं होतं मला, चूल पेटेपर्यंत. त्या दिवशी मला ते आलं नाही. नंतर शिकले."

नेस्ता आईच्या शेजारी बसली, पण अंग चोरून.

दफनविधीच्या प्रार्थना म्हणू का, असं सेल्विनने हळूच विचारलं. नेस्ता म्हणाली, कशावर म्हणणार? हिल्डा उठली.

"म्हण. मोठ्याने म्हण, पाण्याचा आवाज फार आहे."

सेल्विनने प्रार्थना म्हटल्या. मातीची मूठ टाकायची वेळ आली तेव्हा माती नव्हती. हिल्डाने ओली वाळू उचलली आणि पाण्यात सोडली.

परत आल्यावर ती सायलसकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. घंटा वाजवी, घरी येऊन पडून राही. इतकी वर्षं सकाळी उठल्यावर तिला एक काम असे, वाट पाहायचं. आता ते संपलं होतं, आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. प्रार्थनेत नावं घ्यायची वेळ आली की सेल्विन तिच्यासाठी थांबे. तिच्या तोंडून सायलसचं नाव येत नसे. जे जिभेवर घासून गुळगुळीत झालं आहे असं तिला वाटत होतं, ते पुन्हा सगळ्या काट्यांनिशी उभं राहिलं होतं. खाली बघत राहिला. माझं पोर चप्पल काढून देत होतं, आणि हा खाली बघत राहिला.

एका सकाळी मेबल आली. बसली नाही, सुपारीही काढली नाही.

"फार नाही राहिलं त्याचं," ती म्हणाली. "मी पाय धुवायला गेले तर आखडून घेतला. जेवण ठेवलं तर कुत्र्याने खाल्लं. जखमेवर माशा बसतायत. मी म्हटलं, अरे, ती नाही येणार आता, मी असते तर मीही नसते आले. तर म्हणाला, माहीत आहे. पण तोंड दाराकडे करून पडलाय. आधी भिंतीकडे असायचं ना?"

मेबल गेल्यावर हिल्डा खूप वेळ चुलीजवळ बसली. तिला कुणी काही सांगितलं नाही. देवाचा आवाजही आला नाही. तिने फक्त पाहिलं, की पाणी तापत ठेवायला हवं. मग ठेवलं.

ती शिडी चढून आत गेली तेव्हा सायलसने डोळे मिटून घेतले.

"पाय इकडे कर," ती म्हणाली.

जखम पार बिघडली होती. ती धूत असताना तो रडत होता, दुखत होतं म्हणून असेल. तो म्हणाला, "मावशी, मला माफ—"

"आत्ता नको," हिल्डाने त्याला थांबवलं. "आधी चार घास खा. माफीचं माझं अजून झालेलं नाही. खोटं कशाला बोलू? होईल. तू थांब जरा."

"थांबतो," सायलस म्हणाला.

तो थांबला, अंगात होतं तेवढं. ताप चढे, उतरे. ती रोज येई. शेवटी शेवटी तो बोलत नव्हता, चमच्याने दिलेलं नारळाचं पाणीही ओठांवरून ओघळे. एका दुपारी तिने त्याचं तोंड पुसलं, केस मागे सारले, आणि पुसता पुसताच म्हणाली, "सायलस, झालं माझं." तो झोपला होता की जागा होता, ते तिला कळलं नाही. त्याने डोळे उघडले नाहीत.

तो वारला तेव्हा समुद्र खवळलेला होता. मुलीला होनियाऱ्याहून बोट मिळाली नाही, फादरांनाही येता आलं नाही. सेल्विननेच सगळं करायचं ठरलं. सायलसला चटईत गुंडाळून देवळाच्या मागे आणलं तेव्हा गाव जमला होता, पण आवाज नव्हता. इथे पहिला हंबरडा आईने फोडायचा असतो, मग बाकीच्या बायका. आई नसेल तर आईची बहीण, कारण तीही आईच. सगळ्यांनी हिल्डाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मेबलने हात तोंडाशी धरला. मामा लोक लांब उभे होते.

हिल्डा पावसात खाली बसली, तिने चटईची कड सारून सायलसचा चेहरा मोकळा केला, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि हाक मारली, "माझ्या लेका!" मग ती पुन्हा तेच म्हणाली, आणि पुन्हा. ते रडणं एका माणसासाठी पुष्कळ जास्त होतं. कुणी काही विचारलं नाही. मेबल आणि तिच्यामागे इतर बायका रडू लागल्या.

तिकडे खड्ड्यात पाणी भरलं होतं. तरुण माणसं बादलीने उपसत होती. उपसलं की कडेने पुन्हा झिरपत होतं. सेल्विन जवळ येऊन वाकून म्हणाला की पाऊस काही थांबणार नाही, असंच उतरवावं लागेल, किती वेळ बसणार?

"उपसू देत," हिल्डा म्हणाली. "पाण्यात नाही ठेवायचा त्याला. सावकाश उपसा. मी बसलेय."

बादली खाली गेली, वर आली. बायका एकेक करून आडोशाला गेल्या. हिल्डा तशीच बसून राहिली, केसांतून पाणी गळत होतं, हात सायलसच्या छातीवर. तेव्हा नेस्ता, जी आजारपणात एकदाही त्याच्या घराची शिडी चढली नव्हती, देवळामागच्या अळूतून एक मोठं पान तोडून आली. आईच्या मागे उभी राहून तिने ते दोन्ही हातांनी धरलं. पान रुंद होतं. त्याच्याखाली आईचं डोकं मावलं, आणि थोडं पुढे झुकवल्यावर सायलसचा चेहराही.